पुरावा नाही, म्हणून देणे नाही?

कर्ज असणे आणि कर्ज सिद्ध होणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली अल्लाहच्या ज्ञानात असते आणि देणाऱ्या-घेणाऱ्याच्या अंतःकरणात असते. दुसरी न्यायालयाच्या दप्तरात असते. बहुतेक वेळा दोन्ही एकत्र नांदतात, म्हणून त्यांतील अंतर आपल्या ध्यानात येत नाही. ज्या दिवशी त्या एकमेकींपासून अलग होतात, त्या दिवशी माणसाच्या ईमानाची खरी कसोटी लागते.

हा प्रश्न एका उदाहरणाच्या आधारे समजून घेऊ. उदाहरण कल्पित आहे. मात्र चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीतील वाचकांना ते परके वाटणार नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एक खासगी शिक्षण संस्था आहे. संस्थापकांनी मोठ्या कष्टाने दोन खोल्यांत शाळा सुरू केली होती. एका उन्हाळ्यात छप्पर मोडकळीस आले. मृग नक्षत्र तोंडावर आलेले, अनुदानाचा पत्ता नाही आणि जूनच्या अखेरीस मुले येणार. संस्थापक आपल्या जुन्या स्नेह्याकडे, लाकडाच्या व्यापारातून निवृत्त झालेल्या एका हाजीसाहेबांकडे गेले. हाजीसाहेबांनी तीन लाख रुपये रोख काढून दिले. कागद केला नाही. "शाळेचं काम आहे, आपसातली बाब आहे, सवडीनं द्या," एवढेच ते म्हणाले. संस्थेच्या लिपिकाने रक्कम मोजून घेतली. त्या रात्री हाजीसाहेबांनी आपल्या डायरीत तारीख आणि आकडा लिहून ठेवला. छप्पर झाले. मुले कोरड्यात बसली.

चार वर्षांनी संस्थापकांचा इंतकाल झाला आणि नवे कार्यकारी मंडळ आले. हाजीसाहेबांनी पैसे मागितले, तेव्हा नवे अध्यक्ष म्हणाले, "हाजीसाहेब, तुमच्याबद्दल आम्हांला आदर आहे. पण संस्थेच्या कीर्दीत ही रक्कम नाही, ठराव नाही, पावती नाही. कागद दाखवा." कागद नव्हता. होता तो एक लिपिक, आणि त्याची नोकरी नव्या मंडळाच्या हातात होती.

या प्रसंगात चार पक्ष आहेत : पैसे देणारा, पुरावा मागणारे मंडळ, सत्य जाणणारा लिपिक आणि संस्थापकांचे वारस. न्यायालयापुढे या सर्वांसाठी एकच प्रश्न असेल : दावा सिद्ध झाला की नाही? अल्लाहपुढे मात्र प्रत्येकाला निराळा प्रश्न विचारला जाईल.

पुरावा मागणे हा अपमान नव्हे

सर्वप्रथम हाजीसाहेबांची बाजू पाहू. पुरावा मागितला गेला म्हणून त्यांना दुःख झाले असेल. "माझ्या शब्दाला किंमत नाही का?" असे त्यांच्या मनात आले असेल. परंतु इस्लामच्या न्यायव्यवस्थेचा पायाच हा आहे की, दावा करणाऱ्याने पुरावा आणावा आणि नाकारणाऱ्याने शपथ घ्यावी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी याचे कारणही सांगितले आहे. केवळ दाव्यावर लोकांना दिले जाऊ लागले, तर माणसे एकमेकांच्या रक्तावर आणि संपत्तीवर दावे सांगू लागतील. हजरत उमर (रजि.) यांनी हजरत अबू मूसा अश्अरी (रजि.) यांना न्यायदानाविषयी जे प्रसिद्ध पत्र पाठवले, त्यातही हे तत्त्व आहे.

या नियमातून स्वतः प्रेषितही सुटले नाहीत. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. प्रेषितांनी (स.) एका ग्रामीण अरबाकडून घोडा विकत घेतला. पुढे अधिक किंमत देणारे भेटल्यावर तो माणूस व्यवहारच नाकारू लागला आणि त्याने साक्षीदार मागितला. प्रेषित आपल्या पदाचा दाखला देऊन त्याला गप्प करू शकले असते. तसे झाले नाही. हजरत खुजैमा बिन साबित (रजि.) पुढे आले आणि त्यांनी साक्ष दिली. ज्यांच्या सत्यनिष्ठेची ग्वाही शत्रूही देत होते, त्यांच्याकडे साक्षीदार मागितला गेला आणि त्यांनी तो अपमान मानला नाही. मग आपण कोण?

हा नियम कधीकधी किती जड जातो, हेही हदीसमध्ये दिसते. हजरत अश्अस बिन कैस (रजि.) यांचा एका मालमत्तेवरून वाद होता. प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले, पुरावा आहे काय? पुरावा नव्हता. तेव्हा प्रतिपक्षाला शपथ देण्याचे ठरले. अश्अस (रजि.) कळवळून म्हणाले की, हा तर खोटी शपथ घेऊन माझी मालमत्ता घेऊन जाईल. या पार्श्वभूमीवर सूरह आलिइम्रानची ७७ वी आयत अवतरली, असे बुखारीत नमूद आहे. अल्पशा किमतीसाठी अल्लाहशी केलेला करार आणि आपल्या शपथा विकणाऱ्यांना परलोकात काहीही वाटा नाही, असा इशारा तिच्यात आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पुराव्याचा नियम अश्अस यांच्यासाठी शिथिल झाला नाही. नियम तसाच राहिला आणि खोटी शपथ घेणाऱ्याचा हिशेब परलोकावर सोपवला गेला.

आपल्या देशाचा कायदाही याच मार्गाने चालतो. १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. परंतु जो हक्क सांगतो त्याने तो सिद्ध करावा, हे सूत्र कायम आहे. डायरीविषयीचा नियमही कायम आहे. व्यवहाराच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद पुराव्यात घेता येते, पण केवळ तेवढ्यावरून कोणावर देणे लादता येत नाही. १९९८ साली गाजलेल्या जैन हवाला डायऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले : सुट्या कागदांना हिशेबवही म्हणता येत नाही, आणि हिशेबवही असली तरी तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार हवा. यामागील विचार सरळ आहे. स्वतःच्या हाताने स्वतःच्या फायद्याचे लिहिणे कोणालाही शक्य आहे.

हाजीसाहेबांच्या मार्गात आणखी एक भिंत आहे, मुदतीची. परतफेडीची तारीख न ठरवता दिलेल्या हातउसन्या पैशांसाठी दिवाणी दावा लावण्याची मुदत तीन वर्षे आहे आणि ती कर्ज दिल्याच्या दिवसापासूनच मोजली जाते. त्या मुदतीत ऋणकोने सही करून देणे कबूल केले, किंवा त्याने केलेल्या अंशतः परतफेडीची त्याच्या हातची नोंद असली, तरच मुदत नव्याने सुरू होते. म्हणजे "सवडीनं द्या" हे हाजीसाहेबांचे औदार्याचे वाक्यच कायद्याच्या घड्याळात त्यांच्याविरुद्ध धावत होते.

एका बाबतीत मात्र त्यांना धीर धरता येईल. वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई असल्याने असे कर्ज मुळातच वसूल होऊ शकत नाही, असा समज रूढ आहे. गोव्यातील एका धनादेशाच्या प्रकरणात २५ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हा समज दूर केला. रोखीच्या मर्यादेचा भंग झाला तर त्याचा दंड वेगळा. त्यामुळे कर्ज नाहीसे होत नाही.

मंडळ : अमानत की आडोसा?

आता नव्या मंडळाकडे वळू. त्यांना एकदम अप्रामाणिक ठरवणे न्यायाचे होणार नाही. संस्थेचा पैसा अध्यक्षांचा नाही. तो मुलांचा आहे. गरीब आदिवासी, दलित, मुस्लिम घरांतील मुलांच्या फीचा आणि शासनाच्या अनुदानाचा तो पैसा आहे. मंडळ केवळ त्याचे अमानतदार आहे. स्वतःच्या खिशातून मी हाजीसाहेबांच्या शब्दावर तीन लाख देऊ शकतो. ते माझे पुण्यकर्म होईल. पण अमानतीच्या पेटीतून कोणाच्याही शब्दावर पैसे काढून देणे हे औदार्य नव्हे, ती खियानत आहे.

आपल्या फकीहांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. हनफी फिकहनुसार मुतवल्लीला वक्फच्या नावावर कर्ज काढायचे असेल, तर खरी निकड असली पाहिजे आणि काजीची परवानगी घेतली पाहिजे. परवानगीविना काढलेले कर्ज त्याच्या स्वतःच्या माथी बसते. तसेच माणसाची कबुली केवळ त्याच्यापुरती बांधील असते, हे फिकहचे मान्य तत्त्व आहे. मुतवल्लीने कर्ज कबूल केले म्हणून वक्फची मालमत्ता त्यात गुंतत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६अ मध्येही हीच तरतूद आहे. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीविना विश्वस्ताला संस्थेसाठी कर्ज काढता येत नाही. शाळेची संस्था म्हणजे वक्फ नव्हे. परंतु दुसऱ्यांच्या मालमत्तेवर बसलेल्या माणसाचे हात बांधले पाहिजेत, हा विचार दोन्हीकडे एकच आहे.

तेव्हा मंडळाने कागद मागितला, यात दोष नाही. दोष पुढच्या पावलात असू शकतो. "आम्हांला माहीत नाही" आणि "आम्हांला माहीत करून घ्यायचे नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शाळेवर छप्पर उभे आहे. ते कोणत्या वर्षी झाले, पत्रे कोठून आले, मिस्त्रीची मजुरी कोणत्या पैशातून चुकती झाली, हे त्या वर्षीच्या हिशेबात शोधता येते. कीर्दीत खर्च दिसतो आणि जमा दिसत नाही, तर मधला पैसा आकाशातून पडला काय? लेखापरीक्षकाला विचारता येते. लिपिकाला निर्भयपणे बोलण्याची मुभा देता येते. जो अमानतदार एवढेही करत नाही, त्याच्या हातातील "कागद दाखवा" हे वाक्य अमानतीचे रक्षण राहत नाही. ते आडोसा होते. सूरह अन्-निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचवण्याचा आदेश आहे. कपाटाला कुलूप लावले की अमानत सांभाळली, असे या आदेशानंतर कोणाला म्हणता येईल?

शिवाय संस्थेला अंतःकरण नसते, पण सदस्यांना असते. मंडळातील एखाद्या सदस्याला संस्थापकांनीच कधी सांगितले असेल की, छपराचे पैसे हाजीसाहेबांचे आहेत. असा सदस्य ठरावावर मुकाट्याने हात वर करतो, तेव्हा तो मंडळाच्या आड लपू शकत नाही. सामूहिक ठरावाचा हिशेबही अल्लाहपुढे एकेकट्यानेच द्यावा लागणार आहे.

ज्याला ठाऊक आहे तो

या संपूर्ण प्रकरणात सर्वांत कठीण जागी उभा आहे तो लिपिक. त्याने पैसे मोजले. त्याला तारीख आठवते, नोटांची पुडकी आठवतात. परंतु घरात म्हातारी आई आहे, मुलीचे शिक्षण आहे आणि जंगलपट्टीत पगारी नोकरी पुन्हा मिळणे सोपे नाही. "मी पाहिले नाही" असे त्याने म्हटले, तर कोणते न्यायालय त्याला पकडणार आहे?

सूरह अल्-बकराच्या २८३ व्या आयतीत साक्ष लपवण्याची मनाई आहे आणि जो ती लपवतो त्याचे हृदय गुन्हेगार असल्याचे म्हटले आहे. जीभ न म्हणता येथे हृदय म्हटले आहे, यावर भाष्यकारांनी पुष्कळ विचार केला आहे. साक्ष लपवण्यासाठी जिभेला काहीच करावे लागत नाही. ती केवळ गप्प राहते. गुन्हा आत घडतो. सूरह अन्-निसाची १३५ वी आयत याहून पुढे जाते. न्यायासाठी उभे राहताना साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध जात असली, तरी ती द्यावी असे ती सांगते.

परंतु कुरआनने केवळ साक्षीदारालाच बजावले आणि इतरांना मोकळे सोडले, असे नाही. २८२ व्या आयतीच्या अखेरीस लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास दिला जाऊ नये, असा स्पष्ट आदेश आहे आणि तसे करणे ही अवज्ञा ठरवली आहे. लिपिकाच्या मौनाची चर्चा करताना या आदेशाचा आपल्याला विसर पडतो. त्याला साक्षीची किंमत नोकरीने मोजावी लागेल, असे वातावरण ज्यांनी निर्माण केले, ते त्याच्या मौनाचे भागीदार आहेत. खऱ्या साक्षीची अपेक्षा करणाऱ्या समाजाने साक्षीदाराच्या पाठीशी उभे राहण्याची तयारीही ठेवली पाहिजे. गावातील चार प्रतिष्ठित माणसे त्या लिपिकाबरोबर मंडळाकडे गेली, तर कदाचित न्यायालयाची पायरी चढावीच लागणार नाही.

मृताचे देणे

संस्थापकांनी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतली नव्हती, ठराव केला नव्हता. मग ते कर्ज संस्थेचे की त्यांचे स्वतःचे? वर सांगितलेल्या फिकहच्या नियमानुसार ते त्यांच्या माथी येते. सूरह अन्-निसाच्या ११ व्या आणि १२ व्या आयतींत वारसांचे हिस्से सांगताना पुन्हा पुन्हा अट घातली आहे की, हे वाटप वसीयत आणि कर्ज यांच्यानंतरचे आहे. कर्ज फिटल्याखेरीज वारसांचा हिस्सा सुरूच होत नाही. आपल्याकडचे दिवाणी कायदेही वारसाला मृताच्या मालमत्तेच्या मर्यादेत देण्यास जबाबदार धरतात.

प्रेषित (स.) यांच्यापुढे एक जनाजा आणला गेला. मृतावर तीन दीनार कर्ज होते आणि त्याने मागे काही ठेवले नव्हते. प्रेषितांनी सोबत्यांना नमाज अदा करण्यास सांगितले. स्वतः पुढे झाले नाहीत. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले, तेव्हाच प्रेषितांनी नमाज पढवली. हुतात्म्याचे सर्व अपराध माफ होतात, कर्ज मात्र होत नाही, हेही मुस्लिमच्या हदीसमध्ये आले आहे. आपल्या वडिलांच्या मगफिरतीसाठी दुआ करणाऱ्या, गरिबांना जेवण घालणाऱ्या मुलांनी थोडा विचार करावा. वडिलांवर खरोखर उपकार करायचा असेल, तर त्याचा रस्ता हाजीसाहेबांच्या दारावरून जातो.

"पण ते तर मुदतबाह्य झाले आहे," असे कोणी म्हणेल. मुदतीचा कायदा न्यायालयाचे दार बंद करतो. देणे पुसून टाकत नाही. उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहच्या आधारे 'मजल्ला' ही संहिता तयार झाली. जुने दावे ऐकण्यास तिनेही मुदती घातल्या. परंतु काळ लोटल्याने हक्क नष्ट होत नाही, हेही तिने नमूद केले. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ मध्ये एक सुंदर तरतूद आहे. मुदतबाह्य झालेले कर्ज फेडण्याचे वचन ऋणकोने लेखी आणि सहीनिशी दिले, तर ते बंधनकारक ठरते. कायद्याने मोठे दार लावले, पण सद्सद्विवेकासाठी एक खिडकी उघडी ठेवली. त्या खिडकीतून हात बाहेर काढायचा की नाही, हे वारसांनी ठरवायचे आहे.

कागद आहे, पण सत्य नाही

आतापर्यंत सत्य होते आणि कागद नव्हता. आता उलट बाजू पाहू. काही ठिकाणी नोकरीवर घेताना शिक्षकाकडून कोऱ्या मुद्रांकावर सही घेतली जाते. पुढे तो हक्क मागू लागला की त्याच कागदावर हातउसन्या कर्जाचा मजकूर उतरतो. काही ठिकाणी नेमणुकीसाठी दिलेली लाच "देणगी" किंवा "उसनवार" या नावाने लिहिली जाते आणि नोकरी न मिळाल्यास तिच्या वसुलीचा दावा होतो. न्यायालयात कागद बोलतो. परलोकात कागद करणाऱ्याचे हात-पाय बोलणार आहेत.

नेमणुकीसाठी पैसा देणारा आणि घेणारा, दोघांवरही प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे. अवैध हेतूसाठी झालेला करार आपला कायदाही मानत नाही. पण देणाऱ्याला तो वसूल करता येत नाही, म्हणून घेणाऱ्याला तो हलाल झाला, असा अर्थ कोणी काढू नये.

खासगी शाळेच्या थकलेल्या देण्याचा एक खरा खटला येथे आठवण्याजोगा आहे. औरंगाबादच्या क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालय या संस्थेच्या प्राथमिक शाळेत एक शिक्षिका होती. संस्थेने दरमहा १५०० रुपये मागितले आणि ते तिने दिले नाहीत. पुढे तिला निलंबित करून सेवेतून काढण्यात आले. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७७ च्या कायद्याखाली ती शाळा न्यायाधिकरणाकडे गेली. २००९ मध्ये न्यायाधिकरणाने बडतर्फी बेकायदा ठरवून पूर्ण थकीत वेतन देण्याचा आदेश दिला. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये वेतनाचा भाग रद्द केला. १२ ऑगस्ट २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला आणि चार आठवड्यांत रक्कम न दिल्यास ९ टक्के व्याज आकारण्याचे बजावले.

या निकालाचा गाभा पुराव्याच्या भाराविषयी आहे. काढून टाकल्यानंतरच्या काळात आपण कोठे कमावत नव्हतो, हे शिक्षिकेने सांगितले. जे घडलेच नाही ते ती सिद्ध कसे करणार? ती दुसरीकडे कमावत होती असे म्हणायचे असेल, तर ते संस्थेने मांडावे आणि संस्थेनेच सिद्ध करावे, असे न्यायालयाने ठरवले. पुराव्याचा भार म्हणजे दुर्बलाच्या पाठीवर टाकायचे ओझे नव्हे. जो दावा करतो त्याच्यावर तो असतो, आणि वादाच्या ओघात संस्थाही दावा करू लागली की तो संस्थेकडे जातो. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी द्या, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण भिंतीवर लावतो. शिक्षिकेचे वेतन ही मजुरीच आहे आणि थकवलेली मजुरी हे कर्जच आहे.

मात्र कोणताही निकाल, कितीही मोठ्या न्यायालयाचा असो, सत्य निर्माण करत नाही. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा : प्रेषित (स.) म्हणाले की, मी एक मनुष्य आहे, तुम्ही माझ्याकडे वाद आणता, तुमच्यातील एखादा आपली बाजू अधिक प्रभावीपणे मांडत असेल आणि मी ऐकले त्यानुसार निवाडा देईन, पण अशा रीतीने मी कोणाला त्याच्या भावाचा हक्क देऊन बसलो, तर त्याने तो घेऊ नये, कारण मी त्याला आगीचा तुकडा देत असेन. प्रेषितांच्या निवाड्यानेही पराया माल हलाल होत नाही, तर गडचिरोलीच्या दिवाणी न्यायालयाच्या किंवा नागपूर खंडपीठाच्या निकालाने तो कसा होईल? न्यायाधीश पुराव्याने बांधलेला असतो. पक्षकार सत्याने बांधलेला असतो. "न्यायालयाने दावा फेटाळला" हे वाक्य हाजीसाहेबांविरुद्ध कागदोपत्री खरे असेल. पण ज्याला सत्य ठाऊक आहे, त्याने ते कब्रमध्ये सोबत नेण्याचा विचार करू नये.

लिहून ठेवणे ही दया आहे

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल्-बकराची २८२ वी, नमाज-रोजाविषयी नाही. ती कर्ज लिहून ठेवण्याविषयी आहे. मुदतीचे कर्ज लिहा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे तिच्यात सांगितले आहे. आणि एक गोष्ट तिच्यात अशी आहे की, तिच्यावर थांबून विचार करावा. मजकूर ऋणकोने सांगावा. तो असमर्थ असेल तर त्याच्या पालकाने सांगावा. ज्याच्याविरुद्ध कागद उभा राहणार, त्याच्याच तोंडून तो लिहिला जावा. कोऱ्या मुद्रांकावरची सही याच्या नेमकी विरुद्ध आहे. तिथे ऋणको मुका असतो आणि धनको त्याच्या नावाने बोलतो.

आपल्याकडे मात्र समज उलटा आहे. आपल्या माणसाकडून कागद घेणे म्हणजे अविश्वास, असे आपण मानतो. तेंदूपत्त्याच्या हंगामात पुडा पुडा मोजून घेतला जातो, ही गोष्ट या जिल्ह्यांत कोणाला नवी नाही. त्यात मजुराला अपमान वाटत नाही, कारण ती मोजदादच त्याची मजुरी वाचवते. मग शाळेच्या तीन लाखांची नोंद करण्यात लाज का वाटावी? हाजीसाहेबांनी कागद केला असता, तर तो संस्थापकांवरचा अविश्वास ठरला नसता. तो त्यांच्या मुलांना संशयातून, नव्या मंडळाला पेचातून आणि लिपिकाला त्या भयंकर निवडीतून वाचवणारा कागद ठरला असता. न लिहिलेल्या कर्जाचे ओझे शेवटी त्याच्यावर पडते, ज्याने ते ना दिले ना घेतले.

म्हणून शिक्षण संस्थेला कर्जे-हसना देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने काही गोष्टी पाळाव्यात. आधी मंडळाचा ठराव आणि धर्मादाय आयुक्तांची परवानगी असावी. रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी. पावतीवर रक्कम, कारण आणि परतफेडीची तारीख असावी. दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. दरवर्षी हिशेब संपताना शिल्लक देण्याची लेखी कबुली घ्यावी, म्हणजे मुदतही जागी राहते आणि स्मृतीही. मोबाइलवरील संदेशांवर विसंबू नये. असा पुरावा न्यायालयात देताना त्यासोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागते, हे जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. सिरोंच्यापासून गडचिरोलीचे न्यायालय सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. एक पान लिहिण्याचा आळस माणसाला किती खेपा घालायला लावतो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

शेवटी

मग हाजीसाहेबांनी काय करावे? आपला हक्क मागणे हे ईमानाच्या विरुद्ध नाही. एका माणसाने प्रेषितांकडे (स.) आपले देणे कठोर शब्दांत मागितले. सोबती त्याच्यावर धावून जाऊ लागले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना थांबवले आणि हक्कदाराला बोलण्याचा अधिकार आहे असे सांगून त्याच्या उंटाहून उत्तम उंट त्याला दिला. तेव्हा हाजीसाहेबांनी अवश्य मागावे, मध्यस्थ आणावेत. ऋणको अडचणीत असेल तर सवड द्यावी, आणि माफ करता आले तर ते अधिक उत्तम, असे २८० वी आयत सांगते. परंतु माफी ही देणाऱ्याच्या हातातील गोष्ट आहे. पुरावा नाही म्हणून ऋणकोने ती स्वतःच स्वतःला देऊ नये.

उम्मे सलमा (रजि.) यांच्या हदीसचा एक तपशील अबू दाऊद यांनी नोंदवला आहे. वारशाच्या वादात दोन माणसे प्रेषितांकडे (स.) आली होती. दोघांपैकी कोणाकडेही पुरावा नव्हता, केवळ दावे होते. आगीच्या तुकड्याचा इशारा ऐकताच दोघेही रडू लागले आणि प्रत्येक जण म्हणू लागला की, माझा हक्क माझ्या या भावाला देऊन टाका. तेव्हा प्रेषितांनी त्यांना सांगितले की, आता तुम्ही वाटून घ्या, जे योग्य आहे त्याचा शोध घ्या, चिठ्ठ्या टाका आणि एकमेकांना मोकळे करा.

ते दोघे आले तेव्हा त्यांच्याकडे पुरावा नव्हता आणि गेले तेव्हाही नव्हता. मध्ये केवळ एवढेच घडले की, आपल्याला पाहणारा एक साक्षीदार आहे याची दोघांनाही आठवण झाली. हाजीसाहेबांच्या गावातील मंडळाला, लिपिकाला आणि वारसांना तीच आठवण झाली, तर तीन लाखांचा हा वाद मशिदीच्या ओट्यावर एका संध्याकाळी मिटेल. आणि तिचा विसर पडला, तर न्यायालयातील विजयही हिशेबाच्या दिवसासाठी राखून ठेवलेली थकबाकीच ठरेल.

अल्लाह आपणा सर्वांना आपली देणी ओळखण्याची, ती लिहून ठेवण्याची आणि मृत्यूपूर्वी फेडण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.